मिशी जप्त होत नाही

आमच्या वकीलसाहेबांना साताऱ्यात जेवायला बोलावणारा माणूस एकदाच बोलवायचा. दुसऱ्यांदा बोलवायला त्याची बायको तयार होत नसे. साहेब पाटावर बसत, चित्राहुती घालत आणि पहिला घास घेण्याआधी सगळ्या घरावरून एक नजर फिरवत. मग तोंडातल्या तोंडात, पण पंगतीला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं, त्यांचं सुरू होई. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून, "जाईल." कोपऱ्यातल्या शिसवी कपाटाकडे बघून, "जाईल." यजमानीण आमटीचं पातेलं घेऊन वाढायला आली की पातेल्याकडे बघून, समाधानानं, "राहील."

एका लग्नात सासऱ्यानं जावयाला दिलेली नवी कोरी सायकल मांडवात हार घालून उभी केली होती. साहेबांनी तिच्या सीटवरून हात फिरवला, मग तोच हात नवऱ्या मुलाच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाले, "जाईल रे बाबा. जीव लावू नकोस." सासरा बिचारा दुसऱ्या दिवशी जावयाची पत्रिका घेऊन ज्योतिषाकडे गेला.

भविष्याशी साहेबांचा काही संबंध नव्हता. ते नादारीची कामं चालवत. म्हणजे ज्याचं देणं इतकं झालंय की आता सात जन्म फिटत नाही, असा माणूस कोर्टात जाऊन तसं कबूल करतो, कोर्ट त्याला नादार ठरवतं, त्याचं असेल नसेल ते कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जातं आणि घेणेकऱ्यांत वाटलं जातं. माणूस सुटतो. मात्र काही वस्तूंना कुणाला हात लावता येत नाही. दिवाणी कायद्याच्या साठाव्या कलमात त्यांची यादी आहे. नेसते कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, बाईच्या अंगावरचं धर्माप्रमाणे न काढता येणारं लेणं, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची औतं, बैल आणि बी. बाकीच्या कायद्यात साहेब बेताचेच होते. पण या एका कलमावर ते सबंध दुपार बोलायचे, आणि बोलताना त्यांचा आवाज असा व्हायचा की वाटावं, हे कलम त्यांनी लहानाचं मोठं केलंय.

लढाईच्या दिवसांत वकिलीची नवी सनद घेऊन मी त्यांच्याकडे ज्युनियर म्हणून गेलो. त्यांनी माझे गुण विचारले नाहीत. मला उभं करून वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कोट राहील. धोतर राहील. घड्याळ जाईल. पेन..." इथं ते थांबले. "पेनसाठी मी भांडलो असतो, पण हरलो असतो. उद्यापासून ये."

त्यांच्या स्वतःच्या घरात खुर्ची नव्हती. टेबल नव्हतं, आरसा नव्हता, घड्याळ नव्हतं. पक्षकार सतरंजीवर बसत आणि साहेब गुंडाळलेल्या गादीवर. गादी म्हणजे अंथरूण, तिला भीती नाही. या माणसाला आयुष्यात कुणाचं एक पैशाचं देणं नव्हतं. काडेपेटीसुद्धा ते रोखीनं घेत. मी एकदा धीर करून विचारलं, "साहेब, मग ही तयारी कशाला?" ते म्हणाले, "मी माझं बघून ठेवलंय. तू तुझं बघ."

काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, भिंतीवरचं घड्याळ हवं होतं. वीस वर्षं हवं होतं. दर दिवाळीला त्या घड्याळाचं काढायच्या आणि दर दिवाळीला साहेब बाजारातून एक नवं पातेलं आणायचे. "हे कुणाच्या बापाला नेता येणार नाही," असं म्हणून ते काकूंच्या पुढं ठेवायचे. मी गेलो तेव्हा त्या घरात माणसं दोन होती आणि पातेली एकोणतीस. काकू फारसं बोलत नसत. कधी तरी एक पातेलं दुसऱ्यावर जरा जोरात ठेवत, तेवढंच.

घरात जप्त होण्यासारखी एकच गोष्ट होती, साहेबांची कायद्याची पुस्तकं. भिंतीतल्या फडताळांतून ती छतापर्यंत गेली होती. त्यांच्याकडे बघून मात्र साहेब कधी काही पुटपुटत नसत.

आणखी एक सांगायचं राहिलं. कायदा जेवढं सोडतो त्याच्यावर एक सुपारी जास्त ठेवायची नाही, हा त्यांचा नेम होता. लोणंदच्या एका धान्यवाल्यानं नादारीच्या अर्जात सगळं लिहिलं आणि चांदीचं ताट तेवढं दोर बांधून विहिरीत सोडलं. रिसीव्हर घर बघून निघाला होता. साहेब, धान्यवाल्याचेच वकील, रिसीव्हरला म्हणाले, "विहीर बघितलीत का?" धान्यवाल्यानं भर रस्त्यात त्यांना शिव्या दिल्या. साहेबांनी त्या शांतपणे ऐकल्या आणि मला म्हणाले, "चमचा लपवला की माणसाला उरलेल्या पातेल्यासाठी भांडता येत नाही." जिल्हा कोर्टातले जज्जसाहेब त्यानंतर साहेबांची यादी न तपासता घेऊ लागले.

आता मालकांचं सांगतो.

मालक म्हणजे एका नाटक कंपनीचे मालक. वाळव्याकडचा गडी, सहा फूट उंच, दाराशी नुसता खोकला तरी आतली माणसं उठून बसावीत असा आवाज. कंपनीत राजाचं काम तेच करत. सिनेमानं गावोगावची गर्दी ओढून नेली होती, दिव्याला रॉकेल मिळत नव्हतं, कापडावर कंट्रोल आला होता. कराडच्या एका गुळाच्या व्यापाऱ्याकडून मालकांनी पडदे आणि पोशाख करायला रक्कम उचलली होती, तिचा हुकूमनामा झाला होता आणि जप्ती दारात होती. मालक आमच्या सतरंजीवर मांडी घालून बसले आणि त्या खोलीचा एकदम दरबार झाला.

"साहेब, पंचवीस मानसं हायत माज्या मागं," मालक म्हणाले. "पडदं गेलं, पोशाख गेलं, तर म्या काय दावू लोकास्नी? माजं उघडं त्वांड?"

"पडदे जातील," साहेब म्हणाले. "तंबू जाईल. अर्ज करू, तू नादार ठरशील, मोकळा होशील. नेसते कपडे राहतील. अंगावर आहे ते कुणी काढू शकत नाही."

"कुनीबी?"

"ब्रह्मदेव आला तरी."

मालक उठले, साहेबांच्या पायाला हात लावला आणि निघून गेले. या एका वाक्यानं पुढं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलं, म्हणून सांगतो.

चार दिवसांनी मी दुसऱ्या कामासाठी कराडला उतरलो. बाजाराचा दिवस होता. भाजीच्या ओळीत एक राक्षस वांगी निवडत होता. त्याचे सुळे त्याच्या खिशात होते, पण शिंगं डोक्यावर होती. न्हाव्याच्या कट्ट्यावर दोन देव नंबर लावून बसले होते, एकाच्या मांडीवर मुकुट. चहाच्या दुकानात दाढीवाले ऋषी बशी फुंकत होते. आणि चैत्राच्या त्या उन्हात मालक स्वतः एकावर एक तीन भरजरी अंगरखे घालून, कमरेला दोन तलवारी लटकवून पिंपळाखाली बसले होते. घामानं त्यांच्या दाढीचा रंग छातीवर उतरला होता. राणीचं काम करणारा पुरुष नट शालूसकट संगमावर जाऊन, शालूसकट पाण्यात बुडी मारून, शालूसकट वाळत उभा होता.

सगळ्यांच्या मागं, दहा पावलांवर, कराडच्या कोर्टाचा बेलिफ कागद-पेन्सिल घेऊन हिंडत होता.

"दोन दीस झालं," तो मला रडकुंडीला येऊन म्हणाला. "कुनीतरी कवातरी काडंलच की. पर न्हाई. त्यो राक्षस तर शिंगं घालून झोपतोय वो."

मी मालकांना म्हणालो, "अहो, हे काय?"

"साहेबच म्हनलं. अंगावर हाय ते ऱ्हातंय." मग मालक मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "पर लय उकडतंय, वकील. कायद्यात ह्याला काय हाय का?"

मी तार केली. साहेब दुसऱ्या दिवशी कोळशाच्या गाडीनं आले. त्या दिवसांत मोटारी पेट्रोलऐवजी कोळशाच्या धुरावर चालत, चढ आला की माणसं उतरून ढकलत. साहेब काळे होऊन उतरले, पिंपळाखाली गेले आणि सगळ्या कंपनीला समोर बसवून त्यांनी एक तास नेसते कपडे या दोन शब्दांचा अर्थ सांगितला. एका वेळी एक. रोजचे. शिंगं रोजची नाहीत. राक्षस रडला. पण सगळ्यांनी वरचे पोशाख काढून बेलिफापुढं घडी करून ठेवले आणि बेलिफानं आयुष्यात पहिल्यांदा जप्ती करताना कुणाचे तरी आभार मानले.

नादारीचा अर्ज साताऱ्याच्या कोर्टात गेला. तो पुरा ऐकून होईपर्यंत मालक पळून जाऊ नयेत म्हणून जज्जसाहेबांनी पाचशे रुपयांचा जामीन मागितला. मालकांना पाच रुपयांचा जामीन मिळाला नसता. मग साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "मी आहे."

वकिलानं आपल्या पक्षकाराला जामीन राहू नये हे सनद मिळायच्या आधीपासून आम्हाला माहीत असतं. बाहेर आल्यावर मी त्यांना तसं म्हणालो.

"तो राजा आहे," साहेब म्हणाले. "पळाला तर लांबून दिसेल."

पुढच्या तारखेला पुकारा झाला आणि मालक आले नाहीत. दुसऱ्यांदा पुकारा झाला, तिसऱ्यांदा झाला. व्यापाऱ्याच्या वकिलांनी उभं राहून कोर्टाला सांगितलं की नादार इसम कंपनीसकट सांगलीला गेला आहे. सांगली तेव्हा संस्थान होती. तिथला राजा वेगळा, कोर्टं वेगळी, आमच्या साताऱ्याच्या वॉरंटाला तिथं सरळ जाता येत नसे. जज्जसाहेबांनी साहेबांकडे बघितलं, चष्मा पुसला आणि जामिनाची रक्कम वसूल करण्याचा हुकूम लिहिला. साहेबांकडे रोख पाचशे कुठले? त्यांचे पक्षकार सगळे नादार. फीसुद्धा नादारच होती.

घरी येऊन ते काकूंना म्हणाले, "दोन-चार दिवसांत बेलिफ येईल. चहाला दूध जास्त घे."

मी त्याच दिवशी सांगलीला निघालो. मालक थिएटरात सापडले. रंगीत तालीम चालली होती. पोशाख जो काय एक उरला होता तो अंगावर, मिशी लावलेली. मी त्यांच्यावर ओरडलो. इतका ओरडलो की राक्षस मध्ये पडला.

"वकील, बयाना घेतलावता ह्या खेळाचा," मालक शांतपणे म्हणाले. "तारीख काय, म्होरली मिळती. खेळ चुकला म्हंजे चुकला. नट खेळ चुकवत न्हाई."

"तुमची तारीख मिळेल. साहेबांचं घर मिळेल का? बेलिफ निघालाय तिकडे."

मालकांचा हात मिशीवर गेला आणि तिथंच राहिला. "साहेबांच्या घरात?" ते म्हणाले. "साहेबांच्या?"

कपडे बदलायला ते थांबले नाहीत. आहेत तसे माझ्याबरोबर स्टेशनवर आले. डब्यातल्या लोकांनी उठून जागा दिली. तिकीट तपासनीस आला, मालकांना बघून त्यानं टोपी काढली आणि तिकीट माझंच विचारलं. सातारा रोडला उतरून मोटार धरली. वाटेतल्या चढावर सगळे उतरून गाडी ढकलत होते, तेव्हा राजा सर्वांत पुढं होता.

आम्ही साहेबांच्या गल्लीत शिरलो तेव्हा जप्ती चाललेली होती. ओट्यावर साताऱ्याच्या कोर्टाचा बेलिफ बसला होता, पुढं चहाचा पेला. साहेब काळा कोट घालून उभे होते आणि स्वतःच्या घराची यादी त्याला सांगत होते. त्यांचा चेहरा असा फुललेला मी कधी बघितला नव्हता.

"गाद्या दोन. अंथरूण. पातेली एकोणतीस. भांडी. कपडे. पुढं?"

बेलिफ आत डोकावून आला. "फुडं कायच न्हाई की वो साहेब. हितं न्यायाजोगं कायच न्हाई."

"नीट बघ."

"बघितलं. आक्षी एक खुर्ची न्हाई घरात." त्यानं कागदावर काही नाही असं लिहिलं, चहा संपवला आणि उठला. साहेब त्याच्याकडे बघत होते. आयुष्यभर ज्या परीक्षेची तयारी केली ती पास झाल्यावर माणूस जसा बघेल तसे.

आणि मग तेच म्हणाले, "थांब. पुस्तकं राहिली."

बेलिफ फडताळाकडे बघत म्हणाला, "ती तुमची हत्यारं न्हवं का?"

"हत्यारं कारागिराची सुटतात. वकील कारागीर नाही." साहेबांचा आवाज एकदम लहान झाला. "मी बघितलंय सगळीकडे. लिही."

आम्ही अंगणात उभे होतो, पण कुणाचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. बेलिफानं पहिलं पुस्तक काढलं आणि स्वयंपाकघरातून काकू आल्या.

"ती माझी आहेत," काकू म्हणाल्या. "माझ्या वडिलांनी लग्नात दिलेली. स्त्रीधन आहे. ह्यांच्या जामिनाशी त्यांचा काय संबंध?"

बेलिफानं पुस्तक लगेच जागेवर ठेवलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्या पुस्तकांतली निम्मी-अधिक गेल्या दहा वर्षांत छापलेली होती आणि काकूंचं लग्न होऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती, हे त्याला कळायचं कारण नव्हतं.

साहेबांनी काकूंकडे बघितलं. "अगं, पण..."

"जामीन राहताना मला विचारलं होतंत?"

साहेब फडताळापाशी गेले. मग बेलिफाला म्हणाले, "वरच्या फळीवरची अकरा तिची. सासऱ्यांनी दिलेली, हे खरं आहे. बाकीची माझी. ती काढ."

काकू आत गेल्या. आतून एकोणतीस पातेली एकदम कोसळल्याचा आवाज आला.

तेव्हा मालक पुढं झाले. भरजरी अंगरखा, कमरेला तलवार, तोंडावर कोळशाची काजळी. बेलिफाच्या हातून पुस्तक पडलं.

"आरं, माजं न्या की!" मालक गरजले. "त्येंच्या पुस्तकास्नी कशापायी हात लावतुयास?"

"तुमचं काय ऱ्हायलंय न्यायाला?" बेलिफ म्हणाला.

साहेबांनी मालकांना वरून खालपर्यंत बघितलं. मला वाटलं आता रागावतील. ते म्हणाले, "कोर्ट उठायला तासभर आहे. चल."

जज्जसाहेबांनी राजाला कोर्टात येताना बघितलं आणि चष्मा काढून पुन्हा घातला. साहेबांनी पक्षकार हजर असल्याचं सांगितलं, उशिराबद्दल माफी मागितली. खर्चाची अट घालून वसुलीचा हुकूम मागं घेतला गेला. मग जज्जसाहेब म्हणाले, "हा इसम पुन्हा सापडेल याची मला खात्री नाही. व्यापाऱ्याचे वकील हजर आहेत. काय सोडायचं, काय विकायचं, हे आजच ऐकतो."

व्यापाऱ्याच्या वकिलांचं म्हणणं सोपं होतं. पोशाख, दाढ्या, मिशा, रंगाची पेटी हे सगळं विकाऊ. हत्यारं कारागिराची सुटतात. सुतार कारागीर, लोहार कारागीर. नट काय घडवतो?

"तेच दाखवतो," साहेब म्हणाले. "मालक, मिशी काढा."

मालकांनी मिशी काढली. खाली एक साधा, जरा घाबरलेला, गालफडं बसलेला माणूस निघाला.

"आता दरबारातली आज्ञा म्हणा."

मालकांनी छाती काढून म्हटलं, "कोण आहे रे तिकडे?" कोर्टात कुणी हललं नाही. मागच्या बाकावर एकजण हसला.

"मिशी लावा."

खिशातून डिंकाची बाटली निघाली. मिशी चिकटली. मालकांनी दोन बोटांनी तिची टोकं वर केली आणि तेच शब्द पुन्हा म्हटले.

बाहेर व्हरांड्यात बसलेला कोर्टाचा पट्टेवाला धावत आत आला आणि मालकांपुढं हात जोडून उभा राहिला. "जी सरकार!"

व्यापाऱ्याचे वकीलसुद्धा अर्धवट उठले होते. त्यांच्या ते लक्षात आलं आणि ते कागद शोधल्यासारखं करून खाली बसले. जज्जसाहेब बराच वेळ लिहीत होते. सबब मिशी हे हत्यार आहे, असं त्यांनी शेवटी वाचून दाखवलं. मिशा सुटल्या, दाढ्या सुटल्या, रंगाची पेटी सुटली, दर नटामागं एक पोशाख सुटला. राक्षसाची शिंगं सुटली.

सिंहासनासाठी साहेबांनी शेवटचा प्रयत्न केला. मालक त्यावर झोपतात, सबब ते अंथरूण आहे.

"झोप लागते त्यावर?" जज्जसाहेबांनी मालकांनाच विचारलं.

मालकांनी साहेबांकडे बघितलं. साहेब छताकडे बघत होते. "न्हाई सरकार," मालक म्हणाले. "खोटं कशाला सांगू. बसलं तरी टोचतंय."

सिंहासन लिलावात व्यापाऱ्यानंच घेतलं आणि कराडला पेढीवर ठेवलं. महिनाभर तो त्यावर बसून गुळाचे सौदे करत होता असं म्हणतात. पुढं गादीवर आला.

वर्षभरानं मालक नादारीतून सुटले. आणि एक दिवस सांगलीहून तिघांना बोलावणं आलं, साहेबांना, काकूंना आणि मला. साहेबांनी तोवर नाटक बघितलं नव्हतं. काकूंनी ट्रंकेतली चांगली साडी काढली. आम्हाला पुढच्या रांगेत खुर्च्या दिल्या होत्या. साहेबांना खुर्चीत कसं बसावं ते जरा वेळ जमत नव्हतं.

नाटक मालकांचंच होतं. एका चांगल्या राजाचं राज्य जातं, असं काहीसं. पडद्यांच्या जागी चादरी होत्या आणि राजा उलट्या खोक्यावर बसत होता, पण आवाज तोच होता, त्यामुळे कुणाला काही कमी वाटलं नाही. दोन अंक साहेब मांडीवर हात ठेवून निश्चल बसले होते.

तिसऱ्या अंकात शत्रूचा सेनापती जिंकतो. राजा साखळदंडात पडलेला. सेनापतीची माणसं दरबार लुटतात, आणि मग तो राणीपुढं येतो. राणी म्हणजे तोच शालूतला नट. सेनापती हसतो आणि राणीच्या गळ्यातल्या मंगळसूत्राला हात घालतो.

"हरकत आहे!"

साहेब उभे होते. कोर्टातला आवाज. सेनापतीचा हात तसाच हवेत राहिला.

"मंगळसूत्र जप्त होत नाही. हात खाली घ्या!"

पिटात कुणी तरी हसलं आणि आपोआप थांबलं. सेनापती तासगावकडचा पोरगेला नट होता. त्यानं विंगेत बघितलं, राजाकडे बघितलं, मग दोन पावलं पुढं येऊन दिव्यांवरून वाकून म्हणाला, "साहेब, गोष्टीतच तसं हाय वो."

"असेल. पण काढता येणार नाही. माझी हरकत लिहून घ्या."

काकूंनी त्यांच्या कोटाचं टोक धरलं होतं. रंगभूमीवर साखळदंड वाजले. मालक जमिनीवरून अर्धे उठले आणि राजाच्याच भाषेत म्हणाले, "सेनापती, वकीलसाहेब म्हणतात ते खरं आहे. हात काढा."

सेनापतीनं हात काढला. मागून कुणी तरी ओरडलं, "व्हय व्हय, ऱ्हाऊ द्या त्येवढं!" आणि सगळ्या थिएटरानं टाळ्या वाजवल्या.

साहेब खाली बसले. बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझे वडील बेलिफ होते. तुला माहीत नसेल."

मला माहीत नव्हतं. काकूंना होतं.

"कोरेगावाकडे एका घरातून त्यांनी मंगळसूत्र आणलं होतं. यादीत लिहून. जाताना मला एवढंच सांगून गेले." त्यांनी चष्मा लावला. "त्या बाईनं मुकाट्यानं काढून दिलं म्हणे. नाही म्हणता येतं, हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं."

काकूंनी कोट सोडला नव्हता.

वर पेटीवाल्यानं सूर धरला. राणीचं पुढचं पद मोकळ्या गळ्याचं होतं. गळा मोकळा झाल्यावर राणी तो दोन्ही हातांनी झाकून घेते आणि गाते, असं ते बसवलेलं होतं. दुसरं पद कुणाचं तयार नव्हतं. तेव्हा त्या नटानं गळ्यात मंगळसूत्र तसंच ठेवून, त्यावरच दोन्ही हात धरून, मोकळ्या गळ्याचं ते सगळं पद म्हटलं. फार चांगलं म्हटलं. पिटातल्या बाया पदरानं डोळे पुसत होत्या. आणि पद संपल्यावर पहिला वन्समोअर आमच्या साहेबांनी दिला.